पासिंगपुरती डबी

अंबादासराव तुपे यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलू लागलं की मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत उठून जातो. आमच्या सिडकोतल्या कॉलनीत त्यांच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, त्यामुळे माझं पाणी पिणं बरंच होतं. बायको म्हणते, "अहो, इतकी वर्षं झाली, आता तरी सोडा." नुसता राग असता तर तो कधीच निवळला असता. तुप्यांची मला किळस येते आणि ती निवळत नाही.

ते आमच्या समोरच्या बंगल्यात राहत. मूळचे बिडकीनच्या बाजूचे. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन गेली, मोबदला आला. गावातल्या बाकीच्यांनी तो जीपगाड्या आणि लग्नं यांत घातला. तुप्यांनी शांतपणे लॉऱ्या घेतल्या आणि वाळूजच्या कारखान्यांचा माल वाहायला सुरुवात केली. पन्नाशीचं वय, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोंडात सदैव एक लवंग. आवाज मऊ. कुणावर खेकसताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. कॉलनीतल्या कुत्र्यांना रोज सकाळी बिस्किटं घालत. आणि एक सवय होती. बोलता बोलता स्कूटरच्या किल्लीनं कान कोरायचे, किल्लीकडे निरखून बघायचे, ती पँटला पुसायचे आणि त्याच हातानं समोरच्याला प्रसादाचा पेढा द्यायचे. नाही म्हणायची सोय नसे. मी तो पेढा मुठीत धरून घरी आणायचो आणि कचऱ्यात टाकायचो. देवाचा प्रसाद कचऱ्यात टाकायची वेळ माझ्यावर या एकाच माणसानं आणली.

स्वतः ते रस्त्यावर फार जपून वागत. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही हेल्मेट. स्कूटर तिशीच्या वर कधी जायची नाही. मी एकदा त्याचं कौतुक केलं, तेव्हा म्हणाले, "जीव एकच असतो, सेक्रेटरी. लॉरी धा मिळतील."

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि पोटासाठी वाळूजच्या एका कारखान्यात हिशेब तपासायचो. आकडा चुकला की मला जेवण जात नाही. हे सांगतो ते एवढ्यासाठी की लॉऱ्यांच्या बाबतीत जे मला दिसलं ते इतर कुणाला दिसलं नसेल असं नाही. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं.

त्या सुमाराला मालाच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर बसवायच्या नियमाची आमच्याकडे कडक अंमलबजावणी सुरू झाली होती. हाताच्या पंज्याएवढी एक पेटी असते. ती केबिनमध्ये स्टिअरिंगच्या खाली बसवतात आणि ठरलेल्या वेगापुढे ती गाडीला पळू देत नाही. लॉरीला ऐंशी, टँकरला साठ. तिच्या तारांना सील असतं, कुणी उघडली तर कळावं म्हणून. ड्रायव्हर लोक तिला 'डबी' म्हणत. गाडीची फिटनेसची तपासणी, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, करायची तर गाडीत डबी हवी आणि त्या डबीचं त्याच गाडीच्या नंबरचं सर्टिफिकेट हवं.

तुप्यांकडे लॉऱ्या सात होत्या, सर्टिफिकिटं सात होती आणि डब्या दोन.

हे कळलं ते एका रविवारी सकाळी. कॉलनीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांच्या गाड्या उभ्या असत. बब्बू नावाचा त्यांचा मिस्त्री एका केबिनमध्ये उताणा पडून काहीतरी जोडत होता. तुपे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पेरू खात होते.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"उद्या हिचं पासिंग हाये. नवरीला दागिने घालायलो."

"म्हणजे?"

"आमच्या गावाकडं गरिबाघरी लग्न निघालं की काय करतात? भावकीतून पाटल्या आणायच्या, टीक आणायची. पोरगी सजती, फोटो निघतो, सासरचे खूश. दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याला परत. कुणाचं काय बिघडतं?"

"पण ही डबी या गाडीची आहे का?"

"परवापर्यंत त्या गाडीत व्हती. उद्या हिच्यात, मंग तिच्यात." त्यांनी पेरूची फोड माझ्यापुढे केली. "डबीला जातपात नाय, सेक्रेटरी. सगळ्यांच्यात बसती."

बब्बू पडल्या पडल्या हसला. मी म्हणालो, "अहो, पण नियम कशासाठी केलाय?"

"पासिंगसाठी," तुपे म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. नियम हा तपासणीपुरता असतो, तपासणी झाली की नियम पाळून झाला, पुढच्या तपासणीपर्यंत माणूस मोकळा. गाडीचा वेग, रस्ता, रस्त्यावरची माणसं यांचा त्याच्याशी काही संबंध असतो हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. गाड्यांचे कागद मात्र प्लास्टिकच्या पिशव्यांत, ओळीनं. दसऱ्याला ते लॉऱ्यांच्या बरोबर कागदांनाही हळदकुंकू लावत. "कागद साफ पाहिजे, राजा," हे त्यांचं आवडतं वाक्य.

मग दुष्काळाची वर्षं आली. शहर तर वाढतच होतं; जिथं कालपर्यंत बाजरी होती तिथं सहा मजले उभे राहत होते आणि प्रत्येक इमारत खाली भोक पाडून पाणी शोधत होती. नळ आठवड्याचा पाहुणा झाला. आमचं बोअर आधी गढूळ झालं, मग नुसती हवा सोडू लागलं. तुप्यांनी तीन लॉऱ्यांवर पत्र्याच्या टाक्या चढवल्या आणि बिडकीनच्या पलीकडच्या एका विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीचं पाणी तेच देत. कमाई खेपांवर असल्यामुळे जितक्या खेपा तितकं बरं. मी वेताची काठी टाकीत बुडवून पाहायचो. टाकी कधी काठोकाठ नसायची. विचारलं की म्हणत, "रस्त्यात हिंदकळतं हो. पाणीच ते."

बायका रिकामे ड्रम घेऊन रांगेत उभ्या असताना समोर तुप्यांच्या अंगणात पाइपानं सडा चाललेला असे. स्कूटर धुवायची, पायऱ्या धुवायच्या, कुत्र्यांनाही आंघोळ. देवळाला मात्र आठवड्याला एक टँकर फुकट. त्याचा फ्लेक्स लागला होता, तुप्यांच्या हात जोडलेल्या फोटोसह. लोक रांगेतून त्या फोटोकडे कौतुकानं पाहत. त्या दिवसांत मला सकाळचा चहा जात नसे.

टँकर घेऊन यायचे गफूरभाई. सिल्लोडचे. आधी कापसाच्या गाठी, मग मका आणि आता पाणी. सगळा जन्म स्टिअरिंगवर गेलेला. टाकी रिकामी होईपर्यंत आमच्या फाटकाशी बसून चहा प्यायचे. एका सकाळी ते असे बसले असताना तुपे आले. गफूरभाई उठून उभे राहिले.

"मालक, एक बात बोलू? मेरी गाडीत ती डबी कायमची राहू द्या ना. उसकू मत निकालो."

"का रे? डबीवर जीव जडला का?"

"डबी असली की गाडी साठच्या वर जातच नाय. मग तुम्ही फोनवर 'कुठं मेला' विचारलं तर मला सांगता येतं, गाडी पळंना मालक, मी काय करू. आता पाय माझा, शिव्या बी मला. टाकी अधुरी असती, वळणावर पाणी मागून ढकलतं. लई भ्या वाटतं, मालक."

"गफूर, तू म्हातारा झाला," तुपे गोड हसून म्हणाले. "असं कर, तू घरी बस, मी ब्रेकलाच पगार देतो."

गफूरभाईही हसले. त्यांना हसणं भागच होतं.

मी म्हणालो, "तुपेसाहेब, टँकरला साठचाच नियम आहे. आमचं पाणी तासभर उशिरा आलं तरी चालेल."

"तुम्हाला चालंल. काकूला विचारा."

विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वाकून ओरडल्या, "अंबादासराव, उद्या जरा लवकर पाठवा हो! काल किती खोळंबलो!"

तुप्यांनी वर पाहून हात जोडले. "व्हय काकू, पळवतो." मग गफूरभाईंकडे वळून, त्याच मऊ आवाजात म्हणाले, "ऐकलं का?"

महिना झाला नसेल. उन्हाळ्यातली दुपार होती, माझी सुटी होती. मी फाटकाला तेल घालत होतो. समोर तुप्यांचा फोन वाजला. ते दोनदा "बरं" म्हणाले आणि प्लॉटवर उभ्या असलेल्या लॉरीकडे गेले. केबिनमध्ये काही वेळ खुडबुड करून पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत घालून ते आले. हेल्मेट चढवलं, पट्टा लावला.

"सेक्रेटरी, गफूरची गाडी पडली पैठण रोडला. येता का? मला रगत बघवत नाय."

मी चप्पल घालून मागे बसलो. पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर दिली. वाटलं, औषधपाणी असेल. त्या दिवशीही स्कूटर तिशीच्या वर गेली नाही. मी दोनदा म्हणालो, जरा लवकर घ्या. तेव्हा आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाले, "घाई करून अजून एक ॲक्सिडेंट करू का?"

टँकर वळणावर आडवा होऊन नाल्यात पडला होता. मोटरसायकलवरून कामावर निघालेला एक तरुण त्याच्याखाली सापडला होता. त्याला दवाखान्यात नेलं होतं; पुढे कळलं की पाय गेला. फुटलेल्या टाकीतलं पाणी नाल्यात साचलं होतं आणि जवळच्या वस्तीवरच्या बाया-माणसं हंडे, कळशा, रंगाचे डबे घेऊन ते गढूळ पाणी लोटीलोटीनं भरत होती. हवालदार त्यांना हटवत होता, कुणी हटत नव्हतं. गफूरभाई बाभळीखाली बसले होते. डावा हात खांद्यापासून लोंबत होता. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी त्यांना पाणी पाजलं. ते एवढंच म्हणाले, "साहेब, वो लडका कैसा है?"

मी मागे वळून पाहिलं. रक्त न बघवणारे तुपे फुटलेल्या काचेतून कमरेपर्यंत केबिनमध्ये घुसले होते. बाहेर आले तेव्हा पिशवी रिकामी होती आणि हातात तार तोडायची पकड होती. ती त्यांनी पँटला पुसली आणि खिशात घातली. मग हवालदाराला हाक मारली.

"साहेब, हे बघा. गाडीत डबी हाये, सर्टिफिकीट हाये, सगळं साफ हाये. ह्यानं तार तोडली. किती येळा सांगितलं ह्याला, बाबा वेग नको, वेग नको." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. गालावरून खाली उतरलं.

मी मोठ्यानं म्हणालो, "ती डबी आत्ता आलीय. मी मांडीवर घेऊन आलो."

हवालदारानं आळीपाळीनं आमच्या दोघांकडे पाहिलं. "जबाब द्याल?"

"देतो."

तुप्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "सेक्रेटरी, तुमचं डोकं उन्हानं तापलं. तुम्ही रिक्षानं या," एवढं म्हणून ते हळूहळू निघून गेले. मी त्या संध्याकाळी जबाब दिला. जे पाहिलं ते, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये सोसायटीची बैठक बोलावली गेली; ती बोलवायचा अधिकार माझा होता, पण मला शेवटी कळवलं. वरच्या काकू म्हणाल्या, "तुमचं खरं असेल हो. पण नळाला पाणी कुठंय?" कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ, ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं बुद्धिबळ खेळलो, ते म्हणाले, "ड्रायव्हर सिल्लोडचा. आपला कोण लागतो? जबाब बदलता येतो की." मी म्हणालो, "डबी माझ्या मांडीवर होती. ते कसं बदलू?" मी टाकीच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. नवा सेक्रेटरी तिथंच निवडला गेला. दुसऱ्या सकाळी तुप्यांचा टँकर दारात उभा होता, नवा ड्रायव्हर, आणि त्या दिवशी टाकी काठोकाठ होती. आम्ही दोघं नवराबायको पावसाळ्यापर्यंत मेव्हण्याकडून कॅन भरून आणत होतो. जिन्यात भेटलेली माणसं कॅनकडे बघून न बघितल्यासारखं करत.

मी गफूरभाईंना भेटायला दवाखान्यात गेलो. हात प्लास्टरमध्ये. उशाशी सफरचंदं होती, तुप्यांनी पाठवलेली.

"साहेब, मी लिहून दिलं," ते म्हणाले. "तार मीच तोडली म्हणून."

मी विचारलं, "का?"

"मालक दवाखान्याचं बघायलाय. घरी राशन पाठवलं. कायमची नोकरी देतो म्हणला. लायसन जाईल. जाऊ द्या, हात बी गेल्यातच जमा." मग थोडं उठून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, तुमचा कागद वापस घ्या. नायतर मी झूठा पडतो. मालक म्हणतो, सेक्रेटरीचा कागद राहिला तर केस लांबंल, मग मी तुझ्यावर कशाला खर्च करू. तुम्ही माझ्यासाठी बोलले, मला मालूम हाये. आता माझ्यासाठीच गप बसा."

मी जबाब मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर मीही तुप्यांचीच एक डबी झालो असतो. पण न घेऊनही काही झालं नाही. गफूरभाईंची कबुली वर, माझा जबाब खाली. चालवणाराच म्हणतो मी तोडली, तिथं मांडीवर पिशवी घेऊन बसणाऱ्याला कोण विचारतो? गफूरभाईंचं लायसन गेलं. तुप्यांनी खर्च केला, हे मात्र खरं, आणि कॉलनीत एकेकानं ते मला सांगितलं. "बघा, वाऱ्यावर नाही सोडलं. मनाचा मोठा माणूस."

त्या दिवाळीला तुपे फराळाचं ताट घेऊन आमच्याकडे आले. जणू काही झालंच नव्हतं. सोफ्यावर बसले, लवंग तोंडात टाकली, किल्ली कानात घातली आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "सेक्रेटरी, एक सांगा. त्यात तुमचा काय फायदा व्हता?"

मी म्हणालो, "काही नाही."

त्यांना विश्वास बसत नव्हता. माझा काहीतरी डाव होता, तो फसला आणि आता मी तो लपवतोय, असा त्यांनी निष्कर्ष काढला असावा, कारण जाताना त्यांनी माझी पाठ थोपटली. ते ताट बायकोनं तसंच परत पाठवलं. तिनं माझ्या बाजूनं उघडपणे केलेली ती एकच गोष्ट, आणि ती मला पुरली.

पुढे चांगले पाऊस झाले, तुप्यांनी समोरचा बंगला विकला आणि ते दुसरीकडे राहायला गेले. मध्ये बरीच वर्षं गेली. नागपूरहून बहीण आणि तिचे यजमान आले होते, त्यांना अजिंठा दाखवायला घेऊन गेलो. परतायच्या आधी फर्दापूरला जेवायला गेलो. रस्त्याला लागून एक नवं हॉटेल झालं होतं, मोठं आवार, आत यायच्या वाटेवर दोन खांबांमध्ये साखळी. गाडी आली की एक म्हातारा ती उजव्या हातानं काढायचा आणि लावायचा. डावा हात पोटाशी धरलेला. मी काच खाली केली. गफूरभाई होते. त्यांनी मला ओळखलं, ओठ हलले, तेवढ्यात गल्ल्यावरून आवाज आला.

"अरे, सेक्रेटरी! या, या!"

तुपे अंगानं सुटले होते. शर्ट तसाच पांढरा. माझा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी मला गाडीतून जवळजवळ ओढून काढलं. बहिणीच्या यजमानांना नमस्कार केला, जेवणाचे पैसे घेणार नाही म्हणून बजावलं आणि आम्हाला घेऊन थेट साखळीपाशी आले.

"हा आमचा गफूर. लई मोठ्या गाड्या हाकल्या ह्यानं. एक चूक झाली, पण मी सोडला नाय त्याला. सेक्रेटरीला इचारा, त्यांना सगळं म्हाईत हाये." मग मुलाला कविता म्हणायला सांगावी तसं ते म्हणाले, "गफूर, सांग पाव्हण्यांला. त्या दिवशी तार कुणी तोडली व्हती?"

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातल्या साखळीकडे पाहत म्हणाले, "मीच तोडली, मालक."

"बघा," तुपे म्हणाले. "किती साफ मनाचा माणूस." आणि त्यांनी प्रेमानं त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्या मागे प्रवाशांची एक बस येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवू लागली. गफूरभाई साखळी काढायला वळले, पण मालकाचा हात खांद्यावर होता, म्हणून तसेच थांबले. तुपे माझ्याकडे बघून हसत होते. बस हॉर्न देत राहिली.